शेजारच्या खोलीत

मला कमी ऐकू येतं, हे मी बाबांना सांगितलंच नव्हतं. म्हाताऱ्या जिवाला आणखी घोर नको म्हणून कानाचं यंत्र ड्रॉवरमध्येच पडून होतं.

त्या दुपारी शिलाई मशीन बंद करून मी हातानं काजं-बटणं करत बसले होते. घर चिडीचूप वाटत होतं. चहा द्यायला गेले, तर बाबा बाथरूमच्या फरशीवर पडलेले.

माझं डोकंच फिरलं. "हाक मारायला काय झालं होतं? शेजारच्याच खोलीत मेले होते ना मी!"

"मारलीच नाही गं," ते म्हणाले. "म्हटलं, तुझं काम चाललंय."

शिट्टीशिवाय अख्खं मैदान गप्प करणारे पीटीचे मास्तर ते. त्यांचा घसा पार बसला होता. सकाळी तर खणखणीत होता.