एका अक्षराचे शेपूट

मित्रांनो, माझ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. मी एक जुने भिंग आहे आणि लहान गोष्ट मोठी करून दाखवणे हाच माझा धंदा आहे.

एका कारागिराने मला आधी जाड आणि मग बारीक भुकटीवर घासून फुगीर केले व पितळी कड्यात बसवले. त्याने माझ्यातून पहिल्यांदा पाहिला तो स्वतःचा अंगठा. "अरे बापरे, नखं कापायला हवीत!" तो म्हणाला. लोकांना माझ्यातून नको तेही दिसते, हे मला तेव्हाच कळले.

पुढे मी मास्तरांकडे आले. चर्चचे पाळक होऊ पाहणाऱ्यांना ते हिब्रू शिकवत. त्यांच्याकडे बायबलमधल्या एका जुन्या स्तोत्राचे हाताने लिहिलेले चामड्याचे पान होते. त्यात एक छळ सोसणारा माणूस आपल्या हातापायांविषयी बोलतो. तिथल्या एका शब्दाचे शेवटचे अक्षर आखूड असेल, तर अर्थ होतो 'सिंहासारखे'. त्याच अक्षराचे शेपूट लांब असेल, तर ख्रिस्ती लोक वाचतात 'त्यांनी विंधले', आणि त्यात त्यांना ख्रिस्ताच्या क्रूसाचे भाकीत दिसते. मास्तरांच्या पानावर शेपूट लांब होते. दूरदूरचे लोक ते माझ्यातून पाहायला येत. मास्तरांची कीर्ती झाली, आणि थोडी माझीही.

फक्त समोरचे घड्याळजी हसत. ते यहुदी होते. हिब्रू ते लहानपणीच घरी शिकले होते.

"मास्तर, आमच्याकडे तिथे सिंहच आहे हो. तुमच्या भिंगाने त्याला पळवला!"

"भिंग तुमच्यापेक्षा प्रामाणिक आहे," मास्तर म्हणत. मग दोघे चहा पीत.

एकदा बायबलच्या भाषांतर समितीचे पत्र आले. नव्या ग्रंथात या पानाचा फोटो पुरावा म्हणून छापायचा होता. रंगांच्या प्रयोगशाळेत काम करणारी मास्तरांची मुलगी फोटोआधी पान तपासायला बसली. तिने मला त्या शेपटावर धरले. मी तिच्या हातात होते, म्हणून मलाही ते दिसले. जुनी शाई तपकिरी होती आणि तिला बारीक तडे गेले होते. एक तडा अक्षरातून उभा खाली उतरत होता, पण शेपटाच्या जागी तो शाईने भरलेला होता. म्हणजे तडा आधीचा आणि शाई नंतरची.

"बाबा, हे शेपूट कोणीतरी नंतर काढलंय."

मास्तरांचा चेहरा उतरला. "घड्याळजी! चौकट दुरुस्त करायला पान आठवडाभर त्यांच्याकडे होतं."

घड्याळजींना बोलावले. ते आधी रागावले आणि मग हसू लागले. "अहो, मी ते लांब कशाला करीन? मला तर ते आखूडच हवंय!"

मुलीने मला टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात विचारले, "बाबा, तुम्ही?"

"माझ्यावर संशय घेतेस?"

"शाईवर घेतेय."

मास्तरांनी पान स्वतःकडे ओढले. "शाईचे टवके उडत होते," ते शेवटी म्हणाले. "अक्षर पुसलं जाईल अशी भीती वाटली. मी फक्त उजळलं. जे होतं, तेच."

"होतं का?"

मित्रांनो, मास्तरांनी ते अक्षर उजळले त्या दिवशीही मी त्यांच्या डाव्या हातात होते. शेपटाच्या जागी एक फिकट तपकिरी छाया होती. ती शाई होती की चामड्यावरचा डाग, हे मला सांगता येत नाही. ते नीट पाहायला मास्तरांनी वेळ घेतलाच नाही. त्यांना ते अक्षर आधीपासून पाठ होते.

"माहीत नाही," मास्तर म्हणाले. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदाच ऐकले.

मुलगी म्हणाली, "छापायला दोन आठवडे आहेत. न सांगितलं तर कोणाला कळणारही नाही."

मास्तरांनी कागद ओढला आणि समितीला लिहिले, 'फोटो छापू नये. शेपूट माझ्या हातचे आहे.' घड्याळजींनी पत्र वाचले. या वेळी त्यांनी थट्टा केली नाही.

"म्हणजे आता सिंह म्हणायचं का?" त्यांनी विचारले.

"ते या पानावरून ठरणार नाही. माझी श्रद्धा या रेघेवर उभी नव्हती, घड्याळजी. मीच तिला तिथे नेऊन उभं केलं."

त्यानंतर पाहुणे थांबले. मी बराच काळ खणात पडून होते. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? मग एके दिवशी मास्तरांनी मला वर्गात नेले आणि पान विद्यार्थ्यांपुढे ठेवले.

"यातलं अर्धं अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "कुठून सुरू होतं, ते शोधा."

मित्रांनो, मला मऊ कापडाने पुसत जा आणि उन्हात उघडे टाकू नका. आणि माझ्यातून पाहताना अगदी हवे तेच दिसले, तर खूश होऊ नका. मला जरा तिरके धरा आणि पुन्हा पाहा.