तिसऱ्या फेरीची कॉफी

मित्रांनो, काळं पोट, उंच मान आणि पुढे काढलेली चोच अशी मी एक जुनी मातीची सुरई आहे. इथिओपियातल्या एका डोंगराळ गावात माझं घर आहे. आमच्याकडे कॉफी माझ्यातच उकळतात आणि मला जेबेना म्हणतात. माझं वय विचारू नका. मातीच्या भांड्याचं वय फुटल्यावरच मोजतात.

गावाबाहेर राहणाऱ्या एका कुंभारणीनं मला हातानं घडवलं आणि गोवऱ्यांच्या आगीत भाजलं. लोक तिच्या हातचं भांडं घेत, पण तिच्या हातचं पाणी पीत नसत. तिची दृष्ट लागते म्हणे! माणसं किती विचित्र असतात, हे मला असं जन्मतःच कळलं.

अस्नाकेचच्या आईनं मला बाजारातून आणलं. आईनंतर मी अस्नाकेचच्या हाती आले. ती कप एकमेकांना चिकटून मांडायची आणि धार न तोडता सगळे भरत जायची. थेंब सांडत नसे. शेजारणी म्हणत, "पोरीच्या हाताला काय वळण आहे बघा!" कौतुक तिचं व्हायचं, पण मीही जरा फुगायचे.

मग तिच्या दंडावर एक फिकट चट्टा उठला. तिथं चिमटा काढला तरी तिला कळेना. पुढे हातांची बोटं वळली, काही आखूड झाली. गावाला निमित्तच मिळालं. आमच्या गल्लीत वयानं सगळ्यांत मोठी तांगूतआजी. ती म्हणाली, "शाप लागलाय. शापच बोटं खातो." आजी बोलली म्हणजे संपलं. शेजारणींनी आमचा उंबरा सोडला. शेवटी तिचा भाऊ अयालेव तिला लांबच्या शहरातल्या कुष्ठरोगाच्या दवाखान्यात पोहोचवून आला.

तिचं औषध एका वर्षात संपलं. घरी यायला मात्र सहा वर्षं लागली, कारण तिला आणायला कुणी गेलंच नाही. त्या सहा वर्षांत मला तिचा हात लागलेला म्हणून कुणी चुलीवर चढवलं नाही. "फोडून टाक ती," असं अयालेवला कितीदा तरी लोकांनी सांगितलं. त्यानं फोडली नाही, पण फळीवरून खालीही काढली नाही. कोळ्यांनी माझ्या तोंडात संसार थाटला.

एक दिवस अस्नाकेच एकटीच चालत आली. अयालेव दारातच उभा राहिला.

"बरी झालेय मी, दादा. माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. डॉक्टरांनी कागद दिलाय."

"कागद गल्लीला कोण वाचून दाखवणार? मलाही पोरी उजवायच्यात." तो तिच्याकडे बघत नव्हता. "रविवारी कॉफी कर. तांगूतआजी तिसरी फेरी पिऊन उठली, तर हे घर तुझं. मधेच उठली, तर सोमवारची गाडी धर."

मित्रांनो, आमच्याकडे कॉफी एकदा पिऊन भागत नाही. त्याच पुडीत पुन्हा पाणी घालून तीन वेळा उकळतात. तिसरी फेरी आशीर्वादाची. आणि मोठीनं तोंड लावल्याशिवाय धाकट्या पीत नाहीत. म्हणजे अस्नाकेचचं उरलेलं सगळं आयुष्य एका म्हातारीच्या ओठांवर आलं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर बायका आल्या. अस्नाकेचनं जमिनीवर ताजं गवत पसरलं होतं, धूप लावला होता. बायका दाराजवळच्या गवतावर खेटून बसल्या आणि आतलं सगळं गवत मोकळं राहिलं. तांगूतआजीनं ओढणीतून स्वतःचा कप काढला.

"माझा मी आणलाय," ती म्हणाली. मला इतका राग आला की उकळी लवकर फुटली.

पहिली फेरी ओतून झाली. आजी भरलेला कप हातात घेऊन बसून राहिली.

"घ्या ना आजी, आमची थंड होतेय," एकजण म्हणाली.

"तुला एवढी घाई असेल तर तू घे आधी."

कुणीच घेईना. बऱ्याच वेळानं आजीनं कपाला ओठ लावल्यासारखं केलं. बाकीच्यांनी काढा प्यावा तशी कॉफी घशाखाली ढकलली. दोघी तर काहीतरी पुटपुटत उठूनच गेल्या. अस्नाकेचनं मान खाली घातली आणि माझ्यात दुसरं पाणी ओतलं.

उकळल्यावर तिनं मला निखाऱ्यांवरून उचललं. वाकड्या बोटांत माझा कान नीट मावत नाही, म्हणून ती डावा तळवा माझ्या पोटाखाली देते. मधे फडक्याची घडी असते. त्या दिवशी घाबरून तिनं घाई केली आणि घडी गवतात गळून पडली.

तिला कळलं नाही!

माझं तापलेलं पोट तिच्या उघड्या तळव्यावर टेकलं होतं. मी तिला भाजत होते, मित्रांनो. आणि ती एकाग्र होऊन, ओठ दाताखाली धरून, आजीच्या कपात धार सोडत होती. मला तोंड आहे, पण आवाज नाही. तळव्याला फोड आला असता, तर बायका म्हणाल्या असत्या की रोग परतला. मी निसटून पडले असते, तर अपशकुन झाला असता. काय करावं ते मला सुचेना.

"काहीतरी जळतंय," तांगूतआजी हुंगत म्हणाली. तिनं आधी शेगडीकडं पाहिलं, मग अस्नाकेचच्या हाताकडं. "अगं ए, भाजतेयस! सोड ती सुरई!"

"मला काही होत नाही, आजी. कप जरा पुढे करा."

"बघा, शाप!" मागून कुणीतरी कुजबुजलं.

"गप्प बस, भवाने!" आजी ओरडली. तिनं हातातला कप टाकला, ओढणीच्या पदरानं मला धरलं आणि काढून घेतलं. तळव्याची कातडी लाल होऊन सुटली होती. आजीनं तिचं मनगट धरून त्यावर गार पाणी ओतलं. सहा वर्षांत गावातल्या कुणीतरी तिला पहिल्यांदाच हात लावला होता.

"दुखत नाही तुला?"

"नाही."

"मग ही बोटं... अशीच गेली?"

"दोन चुलीपाशी गेली. एकात काटा राहिला, तो पिकला." अस्नाकेच हळूच म्हणाली, "दुखलं असतं तर ओरडले असते, आजी."

तांगूतआजी तिच्याजवळ गवतावर बसली. सहा वर्षं ती सांगत होती की शाप बोटं खातो. मग तिनं आपल्या चर्चच्या पांढऱ्या ओढणीचा काठ फाडला आणि तो हात बांधला. बांधताना तिचे डोळे वाहत होते.

तिसरं पाणी उकळलं. आता ओतणार कोण?

"सरक," आजी म्हणाली. "मी पिणारी आहे, ओतणारी नाही. सांडलं तर हसायचं नाही कुणी."

सांडलं. अर्ध्याहून जास्त कपांखालच्या ताटात गेलं. एवढं वाईट मला आजवर कुणी ओतलं नव्हतं, आणि एवढं सुख मला कधी झालं नव्हतं. पहिला कप तिनं अस्नाकेचला दिला. मग स्वतःचा तळापर्यंत प्यायली आणि आशीर्वाद दिला, "हिला याच घरात म्हातारी होऊ दे." तेवढ्यात दारात उभा असलेला अयालेव दिसला. "आणि तू काय खांबासारखा उभायस? बहिणीला बसायला स्टूल दे!"

त्यानं स्टूल आणलं, आणि रडू लपवायला पुन्हा बाहेर गेला.

उठून गेलेल्या त्या दोघी आजही येत नाहीत. बाकीच्या येतात. तांगूतआजी तर रोज येते आणि अस्नाकेचनं मला उचललं रे उचललं की खेकसते, "फडकं घे, फडकं!"

मित्रांनो, औषधानं रोग जातो, पण हातातली गेलेली जाणीव बहुधा परत येत नाही. चटका बसला हे ज्याला कळत नाही, त्याला ते दुसऱ्यानं सांगावं लागतं. आणि लांब दाराशी बसून तिचा हात दिसत नाही. म्हणून माझं एवढंच मागणं आहे, अशा माणसाजवळून उठून जाऊ नका. जवळ सरकून बसा.