तबकडीच्या शेवटाचा शब्द

तंजावरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्या वर्षी तीन ग्रामोफोन होते, आणि तिन्ही मालकांचं एका बाबतीत एकमत होतं, की उरलेली दोन डबडी आहेत.

तुळजाजींचा होता पितळी कर्ण्याचा. कुणा मळेवाल्या साहेबाने विलायतेला परतताना मागे टाकलेला. कर्णा एवढा मोठा, की पहिल्याच दिवशी शेजारच्या म्हशीने दावं तोडलं. तुळजाजी हे सगळ्यांना शिफारस म्हणून सांगत. वकील सूर्यनारायणरावांचा होता कपाटातला. कर्णा आत, बाहेर शिसवी दारं. आवाज जास्त वाटला तर दारं लोटायची. सभ्य माणसाच्या घरी कर्णा दिसता कामा नये, असं वकीलसाहेब म्हणत, आणि म्हणताना तुळजाजींकडे बघत. तिसरा रघोजीरावांचा. तो एवढासा, पत्र्याच्या पेटीसारखा, आणि त्याच्याबद्दल खुद्द मालकाचंही मत बरं नव्हतं.

राज्य खालसा होऊन तीन पिढ्या लोटल्या होत्या. भांडायला मुलूख राहिला नव्हता, म्हणून मंडळी नादावर भांडत.

पण त्या महिन्यात दोन्ही मोठे ग्रामोफोन रघोजीरावांच्या कूडमात, म्हणजे मधल्या दिवाणखान्यात, येऊन बसले होते, आणि कारण हौसेचं नव्हतं. रघोजीरावांची मुलगी वत्सला जाऊन वर्ष होत आलं होतं. तिची एक तबकडी होती, जगात एकच, आणि त्या तबकडीच्या शेवटी ती एक शब्द बोलली होती. तो शब्द कोणता, एवढंच ठरवायचं होतं.

वत्सला लहानपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. गळा असा, की पलीकडच्या गल्लीतले लोक आपल्या घरातली भांडणं थांबवून ऐकत. तबकड्या काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस ते ऐकून गेला आणि त्याने रघोजीरावांची एवढी स्तुती केली, की शेवटी तिला मद्रासला न्यायला ते तयार झाले. अट एकच. त्या काळी गाणं संपलं की गाणाऱ्याने कर्ण्यात तोंड घालून आपलं नाव सांगायची रीत होती. तबकडी छापणार परमुलखात. तिथल्या कारखान्याला कुणाची कोणती हे कसं कळावं? रघोजीराव म्हणाले, नाव सांगायचं नाही. तबकडीवर छापायचं, 'तंजावरची एक कुलीन स्त्री'.

"आवाज बाजारात गेलेला चालतो आप्पा, आणि नाव गेलेलं चालत नाही?" तबकडी काढायच्या सकाळी मद्रासच्या मैलापुरातल्या बिऱ्हाडी वत्सलेने विचारलं होतं.

"आवाजाला कुळ नसतं," रघोजीराव म्हणाले होते. हे वाक्य त्यांना स्वतःलाच एवढं आवडलं, की टांग्यात त्यांनी ते कंपनीच्या माणसाला पुन्हा ऐकवलं.

वत्सला गायली. गाणं संपलं. नाव सांगायच्या जागेवर ती गप्प राहिली, आणि मग उठता उठता, आवाज उमटवणारी मेणाची तबकडी अजून फिरत असताना, काहीतरी बोलली. त्याच संध्याकाळी ती बिऱ्हाडाच्या विहिरीत सापडली. पोलिसांनी पंचनाम्यात लिहिलं, पाय घसरून. पोलीस सभ्य होते आणि जेवायची वेळ झाली होती.

कंपनीने तबकडी बाजारात आणली नाही. नमुन्याची एक प्रत तेवढी पाठवून दिली, दुःखात सहभागी असल्याच्या चिठ्ठीसह.

सासरच्यांनी हात झटकल्यामुळे वर्षश्राद्ध रघोजीरावांकडेच आलं, आणि वेंकटेशभटांनी अडचण काढली. "पाय घसरला असेल तर साधं श्राद्ध पुरतं. पण आपण होऊन गेली असेल तर आधी नारायणबळी करावा लागतो, नाहीतर पिंड तिला पोचत नाही. उपाशी राहील मुलगी. कोणतं ते तुम्ही सांगायचं. मी विहिरीपाशी नव्हतो."

रघोजीरावही विहिरीपाशी नव्हते. मग त्यांना तबकडी आठवली. आपल्या छोट्या पेटीवर त्यांनी ती लावली. गाणं संपल्यावर खरखर, आणि खरखरीत बुडालेला एक शब्द. 'येतें' म्हणाली की 'जातें'? निरोप घेताना 'जातें' आपल्यात कुणी म्हणत नाही. म्हणते ती एकदाच, जिला परत यायचं नसतं.

त्या पेटीवर काही कळेना. म्हणून मेव्हण्याला, म्हणजे तुळजाजींना, आणि वकिलांना बोलावणं गेलं.

"दाजी, आधी माझा लावा," तुळजाजी म्हणाले. "कर्णा उघडा असला की माणूस समोर उभं राहून बोलतं. कपाटात तोंड घालून बोललेलं कुणाला कळतं?"

"समोर उभं राहून ओरडतं म्हणा," वकील म्हणाले. "तुमच्या मशीनवर वीणासुद्धा नागस्वरासारखी वाजते."

पितळी कर्ण्यातून वत्सला गायली. तिचा आवाज धारदार आणि पातळ झाला होता, तिन्हीसांजेला कुणी हौदापलीकडून हाक मारावी तसा. शेवटाला तिघांनी माना पुढे काढल्या. खर्र… तें.

"येतें," तुळजाजी म्हणाले. "स्वच्छ येतें. मामा आहे मी तिचा, मला कळत नाही होय?"

"नातं पुरावा होत नाही." वकिलांनी पिन बदलली, तबकडी उचलून आपल्या कपाटात ठेवली, चावी दिली. आता वत्सला भरल्या, मऊ आवाजात गायली. जणू पोटुशी असावी असा आवाज, आणि तशी ती कधी होणार नव्हती. शेवटी पुन्हा खरखर, पण दबलेली, आणि तिच्यातून वर आलं, जा…

"ऐकलंत?" वकील म्हणाले. "जातें. 'जा' अगदी निःसंशय आहे. माफ करा रघोजीराव."

"तुमच्या पेटीला सर्दी झालीय," तुळजाजी म्हणाले.

"आणि तुमच्या कर्ण्याला वात."

तिथून पुढे रोज दुपारी हेच. वकिलांनी पोलादी पिन वर्ज्य केली, बांबूची आणली. ती मऊ असते, रेघ खात नाही. तुळजाजी म्हणाले, बांबूने सत्य बाहेर निघत नाही, आणि जास्त जाड पोलादी आणली. साउंडबॉक्स खोलले, आतला अभ्रकाचा पडदा बदलला, कर्ण्याचं तोंड भिंतीकडे, खांबाकडे, झोपाळ्याकडे वळवून झालं. पितळ दर वेळी 'येतें' म्हणे, शिसव दर वेळी 'जातें'. हळूहळू मंडळी शब्दाऐवजी षड्जाची गोलाई बोलू लागली. एके दिवशी तुळजाजींनी गाण्याच्या मध्येच टाळी वाजवली आणि मग त्यांना आठवलं की कोण गातंय.

तबकडी झिजत होती. रघोजीरावांना ते कळत होतं. काळ्या पाठीवर करडा पट्टा उमटला होता आणि वरच्या सुरांत वाळू शिरली होती. पण दर वेळी वाटे, आणखी एकदा. या वेळी तिघांना एकच ऐकू येईल.

वत्सलेची आई, विशालाक्षीबाई, स्वयंपाकघरातून कॉफी पाठवत. स्वतः त्या बाहेर येत नसत. वर्षभर त्या नवऱ्याशी लागेल तेवढंच बोलत होत्या, आणि फारसं काही लागत नसे.

श्राद्ध तीन दिवसांवर आलं तेव्हा शेवटाची खरखर तेवढी राहिली. पितळ खर्र म्हणालं, शिसव घर्र म्हणालं. वकिलांनी कान दारात घालून ऐकलं आणि म्हणाले, "काही नाही. पण एक कबूल करा तुळजाजी, घर्र कानाला लागत नाही."

तुळजाजींनी बऱ्याच वेळाने कबूल केलं. वाद त्यांच्यापुरता मिटला. हमाल दोन्ही मशिनं उचलून गेले. पायऱ्या उतरून वकील वळले आणि पान चघळत, रोज म्हणत तसं म्हणाले,

"जाऊन येतों, रघोजीराव."

"होव," रघोजीराव म्हणाले, आणि तिथेच उभे राहिले.

गल्लीत सगळेच असं म्हणत. मुंबई-पुण्याकडचा कुणी आला की हसायचा, तुम्ही तमिळमधून उचललंत म्हणायचा. तिकडे नुसतं 'येतों'. इथे पुरतं म्हणायचं, जाऊन येतों. वत्सलाही पुरतंच म्हणे. 'जा' शिसवी पेटीने उचलला, 'तें' पितळेने. मधलं कुणीच नाही. महिनाभर दोन मशिनं एकच वाक्य अर्धं अर्धं वाटून सांगत होती, आणि ऐकणारे तिघे रोज संध्याकाळी तेच वाक्य तोंडाने म्हणून घरी जात होते.

रघोजीराव जवळजवळ पळतच स्वयंपाकघराच्या दारात गेले. "जाऊन येतें म्हणाली ती. म्हणजे परत यायचं होतं तिला. सवयीने का होईना, म्हणाली."

विशालाक्षीबाई तांदूळ निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्या पिडलवाल्याला म्हणाली असेल," त्या म्हणाल्या. पिडल म्हणजे तिच्या साथीचं व्हायोलिन. "सगळ्यांना म्हणायची. मागच्या दारी धुणं वाळत घालायला गेली तरी म्हणायची. लहानपणापासून. न म्हणता उंबरा ओलांडला नाही पोरीने."

"तेच. तेच म्हणतोय मी."

"मग संध्याकाळी घागर घेऊन निघाली तेव्हा तुम्हालाही म्हणाली असेल. तुम्ही बिऱ्हाडाच्या दारातच बसला होतात ना, बाहेर तिण्णैवर?"

होते. तिण्णैवर, म्हणजे दाराबाहेरच्या कट्ट्यावर, पेपर घेऊन बसले होते. ती अगदी जवळून गेली. तिच्या पदराने पेपराचा कोपरा हलला, म्हणून त्यांनी मान वर केली होती. ती थांबली नव्हती, बघितलं नव्हतं, आणि एक अक्षर बोलली नव्हती. रघोजीरावांना तेव्हा बरंच वाटलं होतं. रुसली आहे, पण निदान वाद घालत नाही. आणि त्यांनी पान उलटलं होतं.

हे त्यांनी वर्षभर आठवलंच नव्हतं असं नाही. पण न बोलल्याचं काय आठवायचं? त्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं.

"म्हणाली ना तुम्हाला?" विशालाक्षीबाईंनी विचारलं. आता हात थांबले होते.

रघोजीरावांनी वाकून चुलीतलं लाकूड आत सरकवलं. सूप बाजूला ठेवून बाई उठल्या आणि परसात गेल्या, आणि बराच वेळ आत आल्या नाहीत.

वेंकटेशभट देवळाच्या ओवरीत दर्भ निवडत बसले होते. रघोजीराव खाली उभे राहिले.

"नारायणबळीची तयारी करा, भटजी."

भटजींनी वर पाहिलं. या गावात नारायणबळी म्हणजे दवंडीच होती. कुणाच्या घरी आणि का, हे दूध घालणाऱ्यालाही कळे. "नक्की? मशिनीवर ऐकलंत?"

"होव."

"दोहोंत वाद होता म्हणे. कोणत्या मशिनीने सांगितलं?"

"वकिलांच्या," रघोजीराव म्हणाले.

त्या दिवसापासून कपाटातल्या ग्रामोफोनला राजवाड्यामागे मोठी पत चढली. तुळजाजींनी दाजींशी बोलणं टाकलं. भाचीवर असा ठपका ठेवणाऱ्या मशिनीला आपण कधीच मानणार नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. वकील मात्र भारावून गेले. विधीच्या दिवशी ते आले, बाहेरच बसले, आणि शेजारच्या माणसाला हळूच म्हणाले की बांबूच्या पिनेचा हा गुण आहे, ती खोटं बोलत नाही.