चतुराबाईचा भाव

लातूरचा वेगळा जिल्हा झाला त्या साली पावसानं दगा दिला होता. तरी गोलाईच्या बाजारपेठेतल्या गुरुपादप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक वाढलं, कारण नव्या कचेऱ्यांत बदलून आलेले लोक बिऱ्हाडं थाटत होते. त्यांना चादरी हव्या होत्या, सतरंज्या हव्या होत्या, आणि हातानं शिवलेल्या गोधड्या, म्हणजे वाकळा, तर फारच आवडायच्या.

दहावी झालेली पंचशीला तिथं कामाला लागली ती सरकारी नोकरी मिळेपर्यंत वेळ काढायला. कापडाच्या घड्या घालताना तिला जांभया यायच्या.

एकदा सौदामिनीबाई नावाच्या शिक्षिका आल्या. त्यांनी मागं नेलेली वाकळ त्यांच्या बहिणीनं मागून घेतली होती. "त्याच हातची आणखी एक द्या. कुणी शिवलीय हो?"

पंचशीलाला सांगता येईना. आप्पांनी खांदे उडवले. "आपला दलाल श्रीमंत आणतो इथल्याच मुरुड गावाहून. कोण शिवतं ते त्यालाच ठाऊक."

पुढच्या आठवड्यात श्रीमंत सायकलवरून पडला, पाय प्लास्टरात गेला, आणि माल आणायला आप्पांनी पंचशीलाला एसटीत बसवलं.

मुरुडात लिंबाच्या सावलीला पाच बाया शिवत बसल्या होत्या. रानात काम नव्हतं, विहिरी आटलेल्या. मधोमध चतुराबाई, पन्नाशीची, दोरा दातानं तोडणारी.

"श्रीमंत न्हाई आला? बरं झालं," ती म्हणाली. "पोरी, खरं सांग, आमच्या वाकळा जातात कुठं? तो म्हणतो शहरात आता कुणी पांघरत न्हाई, टरकवाले इंजिन पुसायला नेतात. म्हणून भाव बी तसाच."

पंचशीलाला आधी हसू फुटलं, मग कान तापले. "मावशी, शाळेतल्या बाई अशाच टाक्यांची वाकळ पलंगावर घालायला घेऊन गेल्या. त्यांच्या बहिणीनं मागून नेली!"

"माझी?" चतुराबाईची सुई थांबली. "उगं कायबी बोलू नगंस."

"मग चला की बघायला."

दुसऱ्या दिवशी चतुराबाई इरकली लुगडं नेसून दुकानात आली. तिची निळी-तांबडी वाकळ दर्शनीच टांगलेली. पंचशीलानं चिठ्ठीवरचा भाव वाचून दाखवला. चतुराबाईला मिळायचे त्याच्या पाचपट होता.

"आप्पा, हे काय हो?" चतुराबाईनं विचारलं.

आप्पा गडबडले. "मी श्रीमंताला निम्मे देतो, बाई. तो तुला किती देतो ते मी कधी विचारलंच न्हाई."

तेवढ्यात सौदामिनीबाई आल्या, वाकळ खाली काढायला लावली आणि भाव पाडून मागू लागल्या. चतुराबाईला राहवेना.

"ताई, दूरवरनं पाणी आणायचं, मग शिवायला बसायचं. एकवीस दिस लागले हिला."

"तुम्ही शिवली?" सौदामिनीबाईंनी टाक्यांवरून बोट फिरवलं. "इतके बारीक! कुणाकडून शिकलात?" मग दोघी तिथंच घोंगडीवर बसून टाक्यांबद्दल बोलत राहिल्या, आणि जाताना बाईंनी चिठ्ठीवर होता तोच भाव दिला.

आप्पांनी चहा मागवला. "चतुराबाई, आता तूच भाव सांग."

तिनं भीत भीत आकडा सांगितला. पंचशीला म्हणाली, "मावशी, एकवीस दिवसांची मजुरी धरा की." तिनं दुसरा, मोठा सांगितला. आप्पा ओरडले, "मला काय दुकान विकायला लावतेस का?" पंचशीलानं भाडं, एसटी, दुकानाचा नफा सगळं धरलं आणि दोघांनाही परवडेल असा मधला आकडा काढला. चतुराबाई खुदकन हसली. आप्पा कुरकुरले, पण मान हलवली. श्रीमंत बरा होऊन आल्यावर लई भांडला; शेवटी ठरलेल्या हमालीवर माल वाहायला तयार झाला.

पंचशीलाच्या जांभया गेल्या. दिसेल ती वस्तू ती उलटून पाही : हे कुणी केलं? त्याला काय मिळालं? सरकारी नोकरीचा अर्ज ट्रंकेत तसाच पडून राहिला. माल करणाऱ्यांकडूनच थेट आणू म्हणून तिनं आप्पांच्या डोक्याशी रोज कटकट केली, शेवटी ते म्हणाले, "जा बाई, तुला पाहिजे तिकडं जा, पण माल चांगला आण."

ती नांदेडावरून पार इस्लापुरापर्यंत गेली. तिथं बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या केरब्यानं तिला नीट निरखून विचारलं, "भाव पाडायला आलीस व्हय?"

"न्हाई काका," पंचशीला पदर खोचून त्याच्याजवळ बसली. "एक टोपली विणायला किती वेळ लागतो, ते आधी दाखवा."