सत्तावीस नंबरची प्रॉक्सी

ही गोष्ट कुणालाही पटायची नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बहात्तर वर्षांचा एक गृहस्थ दर रविवारी सकाळी दहा वाजता दोन माणसं व्हायचा, आणि सोळा इंजिनियरांना महिनाभर त्याचा पत्ता लागला नाही. ज्यांनी धरणं बांधली, बोगदे खणले, त्यांना!

या गृहस्थाला इंजिनियरिंगच्या वर्गात पोपट म्हणत. तो कुणाचाही आवाज हुबेहूब काढायचा. प्राध्यापक मान खाली घालून हजेरी घेत, आणि हा मागच्या बाकावरून पाच-पाच जणांच्या वतीने 'येस सर' म्हणायचा. प्रॉक्सी नको म्हणणारा वर्गात एकच होता, रोल नंबर सत्तावीस. गवंड्याच्या दोरीला लोंबणाऱ्या वजनासारखा सरळ, म्हणून त्याचं नाव पडलं ओळंबा. एकदा तापाने फणफणला होता, तरी "तुझी मी लावतो रे" म्हटल्यावर अंथरुणातून उठून वर्गात येऊन बसला. ओळंब्याच्या तोंडून खोटं निघायचं नाही आणि पोपटच्या तोंडून दुसरं काही निघायचं नाही. त्यामुळे दोस्ती एकदम घट्ट.

पन्नास वर्षांनी ती हजेरी पुन्हा सुरू केली फुटपट्टीने. वर्गातली ही एकुलती एक मुलगी. पाणीपुरवठ्याची मुख्य अभियंता म्हणून निवृत्त झाली, पण कडक ती कडकच राहिली. दर रविवारी सगळ्यांना फोनवर एकत्र जोडायची आणि रोल नंबर पुकारायची. व्हिडिओ नको असं एकमताने ठरलं होतं, कारण त्यात एकमेकांच्या नाकपुड्याच दिसायच्या. नियम एकच : लागोपाठ दोन रविवार जो गप्प राहील, त्याच्या दारात अख्खा वर्ग.

आणि ओळंब्याची वाचा गेली. झटका आला, हातपाय आठवडाभरात ताळ्यावर आले, शब्द मात्र परतले नाहीत. बोलायला शिकवणारी थेरपिस्ट घरी यायची. "आजोबा, शब्द आत आहेत. फक्त ढकलायचेत," म्हणायची. पहिल्या दिवशी त्याने ढकलले, तर 'पाणी'च्या जागी भलतंच काहीतरी ओबडधोबड बाहेर पडलं. त्याने ओठ मिटले ते मिटलेच. बायकोशीसुद्धा सगळं खुणांनी.

"भावोजी, ती पोरगी म्हणते, हे सुरुवातीचे महिनेच काय ते कामाचे," वहिनी पोपटला म्हणाल्या. "आत्ता नाही बोलले, तर मग कायमचंच."

एक रविवार गप्प गेला, दुसरा उजाडला. पोपट त्याच्या उशाशी बसला होता. "आज गप्प राहिलास तर सगळी फौज येईल बघ."

ओळंब्याने त्याचं मनगट असं आवळलं की घड्याळाचा पट्टा रुतला. या अवस्थेत त्याला कुणी बघायला नको होतं. जन्मात पहिल्यांदा तो प्रॉक्सी मागत होता.

मग सुरू झाली पळापळ. एकोणीस नंबर पोपटचा स्वतःचा. तो स्वयंपाकघरात आपल्या फोनवर "हजर!" म्हणायचा आणि सत्तावीस यायच्या आत ओळंब्याच्या खोलीत पोचून, दम गिळून, त्याच्या फोनवर खर्जात "हजर." मधल्या सातांपैकी चौघं वर गेलेले, त्यामुळे पळायला वेळ अंमळ कमीच मिळे.

"सत्तावीस, काय चाललंय?" फुटपट्टीने विचारलं.

"कुंडीत टोमॅटो लावलेत."

एवढ्यावर थांबला असता तर तो पोपट कसला! पुढच्या रविवारी टोमॅटो भोपळ्याएवढे झाले. त्याच्या पुढच्या रविवारी एक टोमॅटो बाल्कनीतून निसटला आणि खालच्या वकिलांच्या मोटारीचा टप चेपला. प्रॉक्सीच्या चौथ्या रविवारी वकील कोर्टात गेले, न्यायाधीशांनी टोमॅटो पुराव्यात जमा करून घेतला आणि जेवणाच्या सुट्टीत शिपायाने तो खाऊन टाकला. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण ओळंबा सांगतोय म्हणजे खरंच असणार! तिघांनी तर बी मागितलं.

इकडे ओळंब्याचे कान लाल. तो गादीवर थापा मारायचा, डोळे वटारायचा.

"भावोजी, पुरे हो. त्यांचं बीपी चढेल," वहिनी दारातून कुजबुजायच्या.

पण चौथ्या रविवारी पोपटला काहीतरी दिसलं होतं. शिपाई टोमॅटो खात असताना ओळंब्याचे ओठ हलले होते. आवाज नव्हता, पण हलले होते. पोपट घरी गेला आणि आठवडाभर कुणाशी धड बोलला नाही. बायकोला वाटलं, यालाही झटका आला.

पाचव्या रविवारी त्याने ओळंब्याच्या पलंगासमोरच्या भिंतीकडे बघायचं टाळलं. तिथे एकच फोटो होता, आणि तो लग्नाचा नव्हता, नातवंडांचाही नव्हता. खोऱ्यावरच्या अकरा खांबांच्या पुलाचा होता. त्यासाठी ओळंबा चार वर्षं पत्र्याच्या खोलीत राहिला होता.

"सत्तावीस?"

"हजर. आज एक कबूल करायचंय." ओळंब्याचा आवाज पोपटच्या गळ्यात जरा थरथरला. "तो खोऱ्यावरचा पूल. त्याचं गणित मला सुटलंच नव्हतं. आराखडा सगळा पोपटचा. मी नुसती सही केली."

पोपट पुलांच्या विषयात तिसऱ्या खेपेला कसाबसा पास झालेला, हे वर्गात कोण जाणत नव्हतं?

"पोपटचा?" कुणीतरी म्हणालं. "पण... ओळंबा स्वतः सांगतोय म्हणजे..."

"असं होय," फुटपट्टी हळूच म्हणाली. तिला पटलं होतं. सगळ्यांना पटत चाललं होतं.

ओळंब्याने पांघरूण भिरकावलं. पोपटच्या हातातून फोन हिसकावला आणि तोंडाशी धरला. जबडा वाकडा झाला, मानेची शीर तट्ट फुगली. "ख... ख्..." ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळली, ती त्याने पुसली नाही. वहिनी धावल्या, तर पोपटने हात आडवा घालून त्यांना थांबवलं.

"कोण बोलतंय? सत्तावीस?"

"खो... खोटं!" ओळंबा ओरडला. "पूल... माझा! हा... हा पोपट आहे!"