सहकर्जदार

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या विद्यापीठाचं उत्तर नवरा-बायको दोघांनाही एकाच आठवड्यात आलं. आदेशचं सोमवारी आलं. त्यांनी खेद व्यक्त केला होता. आदेशने ते उभ्याउभ्याच वाचलं, लॅपटॉप मिटला आणि आंघोळीला गेला. वर्षालीचं गुरुवारी आलं, तेव्हा ती ऑफिसात, सगळ्यांच्या मध्ये बसली होती.

"आदेश! अरे, पाह्य नं इकडे!"

तिच्या आवाजावरूनच त्याला कळलं. तरी तो उठला, तिच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि पडद्यावरच्या ओळी वाचल्याचं दाखवत राहिला.

दोघं वर्ध्याच्या एका संस्थेत कामाला होते. आष्टी आणि कारंजा तालुक्यांतल्या गावांमध्ये विहिरींची पाणीपातळी मोजायची, कुठे बांध घालायचा ते गावकऱ्यांबरोबर बसून ठरवायचं, असं काम. पाण्याच्या विषयात बाहेर जाऊन पुढचं शिक्षण घ्यायचं हे आदेशचं स्वप्न लग्नाच्याही आधीचं. यंदाचा त्याचा तिसरा प्रयत्न होता. वर्षालीने मात्र पहिल्यांदाच अर्ज केला होता आणि तोही त्याच्याच म्हणण्यावरून. "एकट्याले भराले कंटाळा येते, तूही भर," असं तो डिसेंबरात म्हणाला होता. आपण का शिकू इच्छितो, हा निबंध त्याने चार महिने घासला. तिने दोन संध्याकाळी बसून लिहिला. एका विहिरीची गोष्ट लिहिली होती तिने, आणि त्याने त्यातले स्वल्पविराम तेवढे सुधारून दिले होते.

कुणीतरी गोरसपाक बिस्किटांचा डबा आणला. लोक वर्षालीचं अभिनंदन करून झाल्यावर आदेशचाही हात हातात घेत होते.

"मीच भराले लावलं तिले," तो प्रत्येकाला सांगत होता. ते खोटं नव्हतं. पण पाचव्या माणसाला सांगताना त्याला स्वतःचाच आवाज नकोसा झाला.

दुपारी शेजारच्या टेबलावरचा कुंदन चहा प्यायला बाहेर आला, तेव्हा आदेश म्हणाला, "तिकडे पोरींले लवकर घेतात, बाबू. त्यायले आकडे दाखवा लागतात."

कुंदनने कपातून वर पाहिलं. "मंग पोरं कोनीच नाई घेतले का?"

 आदेश हसला आणि दुसरं काही बोलू लागला.

त्या संध्याकाळी वर्षाली तिच्या आईशी फोनवर बोलत गच्चीवर फिरत होती. आदेश खाली स्वयंपाकघरात कांदा चिरत होता. वरून तिचं हसणं ऐकू येत होतं. डेल्फ्ट नकाशावर नेमकं कुठे आहे, हे हिला फेब्रुवारीपर्यंत ठाऊक नव्हतं, असं त्याच्या मनात आलं. त्याला तिथल्या कालव्यांची नावं पाठ होती. स्टेशनातून कोणत्या बाजूने बाहेर पडलं की विद्यापीठाची बस मिळते, तेही त्याला माहीत होतं. तीन वर्षं तो तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांच्या गटात कुणाशी ना कुणाशी गप्पा मारत होता. आणि जाणार ही.

खाली आल्यावर तिने लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवला. "प्रवेश स्वीकारते, या खुणेवर दाबा लागते. दाबू?"

"इचारते काय? दाब नं."

"तुले खरंच चालते नं, आदेश? तुह्यं नाई झालं, अन् मी..."

"अवं, दाब म्हणतो नं."

तिने दाबलं. पडद्यावर हिरव्या रंगात अभिनंदन उमटलं. तिने त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं, आणि त्याने चिरलेल्या कांद्याच्या हाताने तिला थोपटलं. तिला वाटलं, तो मोठ्या मनाचा आहे. त्याला कळत होतं की तिला तसं वाटतंय, आणि त्यामुळे तो आणखीच चिडला.

आता दोन कामं होती. एक म्हणजे पैसे. फी आणि वर्षभराचा राहण्याचा खर्च जूनच्या मध्यापर्यंत विद्यापीठाच्या खात्यात पोचला, तरच विद्यापीठ व्हिसाचं काम पुढे सरकवणार होतं. त्यासाठी शैक्षणिक कर्ज काढायचं होतं. बँकेच्या मॅनेजर रीता मॅडमने सांगितलं की एवढ्या रकमेला तारण लागेल. आदेशच्या वडिलांनी, अण्णाजींनी, लग्नानंतर आदेशच्या नावावर वर्ध्याजवळ नालवाडीला एक प्लॉट घेऊन दिला होता. तो गहाण ठेवायचा आणि नवऱ्याने सहकर्जदार म्हणून सही करायची.

"मूळ खरेदीखत आणा, म्हणजे आमचे वकील तपासून घेतील," मॅडम म्हणाल्या. "उशीर करू नका. तपासणीलाच वेळ लागतो."

दुसरं काम म्हणजे खोली. डेल्फ्टात घरांची इतकी टंचाई की पोरं प्रवेश मिळूनही खोलीअभावी परत येतात, हे आदेशने ऐकलं होतं.

"खोलीचं माह्याकडे सोड," तो म्हणाला. "माह्या ओळखी आहेत."

आणि त्याने खरंच मनापासून शोधली. जेवणाच्या सुट्टीत, गावांना जाताना जीपमध्ये, तो जाहिराती चाळत असे. ही जागा कालव्यापासून जवळ आहे, त्या जागेला उजेड नाही, असं बघताना तो स्वतःच तिथे राहायला निघाल्यासारखा रंगून जायचा. मग एकदम आठवायचं. आठवलं की मोबाईल खिशात घालून तो खिडकीबाहेरच्या संत्र्याच्या बागा बघत बसायचा.

शेवटी एक छान खोली सापडली. मारिका नावाच्या एका वयस्क बाईंच्या घराचा वरचा मजला. त्यांनी व्हिडिओवर बोलायला बोलावलं. वर्षाली ओढणी सारखी करून समोर बसली आणि आदेश तिच्या बाजूला.

बाईंनी इंग्रजीत विचारलं, "तुम्ही काय शिकणार आहात?"

"पाणी व्यवस्थापन," आदेश म्हणाला. "मुख्यतः भूजल."

"स्वयंपाक करता का घरी?"

"करतो, पण तेलकट नाही," पुन्हा आदेशच.

बाईंनी चष्मा नाकावर खाली घेतला. "माफ करा, पण राहायला कोण येणार आहे? तुम्ही की या?"

वर्षाली खळखळून हसली. "मी येणार आहे. याला फक्त बोलायची हौस आहे." मग ती बाईंशी अर्धा तास बोलत बसली, मांजरीबद्दल, वर्ध्याच्या उन्हाबद्दल, कापसाबद्दल. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण बाई मान डोलवत ऐकत होत्या. आदेश हळूच उठून दुसऱ्या खोलीत गेला. 

तीन दिवसांनी मारिकाबाईंचा मेल त्याच्या पत्त्यावर आला, कारण सुरुवातीला त्यानेच लिहिलं होतं. तुमची बायको मला आवडली, खोली तिला देते, उद्यापर्यंत हो कळवा, अजून दोघी थांबल्या आहेत. आदेशने तो सेवाग्रामच्या रस्त्यावर, गाडी बाजूला घेऊन वाचला. थोड्या वेळाने लिहू, असं तो स्वतःला म्हणाला. संध्याकाळी म्हणाला, जेवून लिहू. दुसऱ्या दिवशी त्याने मोबाईल मुद्दाम टेबलाच्या खणात ठेवून दिला. तिसऱ्या दिवशी बाईंनी कळवलं की खोली दुसऱ्या मुलीला दिली.

"त्या बाईनं दुसऱ्या कोनाले तरी देली," त्याने वर्षालीला सांगितलं.

"अरेच्या! मले वाटलं, तिले मी पटली."

"तिकडचे लोक असेच. तोंडावर गोड बोलतात."

ती खट्टू झाली. तिचा उतरलेला चेहरा बघून आदेशला आधी बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली.

पण तो तिथे थांबला नाही. खरेदीखत घरच्या लोखंडी कपाटात होतं. ते काढून त्याने ऑफिसातल्या आपल्या खणात नेऊन ठेवलं आणि वर्षालीला म्हणाला, "कागद गावाले आहेत, बाबाजवळ. रविवारी आणतो." रविवारी म्हणाला, बाबा लग्नाला गेलेत. त्यापुढच्या रविवारी त्याला ताप आला. ताप खरोखरच आला होता, पण तो येऊन किती बरं झालं असं त्याला वाटलं. रीता मॅडमचे फोन येत राहिले. जूनची तारीख जवळ येत होती.

मे महिन्याच्या शेवटी वर्षालीची आष्टीकडच्या गावांची फेरी होती. काम आटोपून ती आदेशला न कळवता सासरी गेली. अण्णाजी बागेतल्या झाडांना आळी करत होते. सुनेला बघून ते फावडं टाकून आले.

"एकटीच आली काय वं? आदेश कोठी हाय?"

"तो वर्ध्यालेच हाय, मामाजी. मी प्लॉटचे कागद न्याले आली. बँकेत द्याचे हाये."

"कागद?" अण्णाजींनी डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "ते तं मी कवाच त्याच्या हाती देल्ले. दिवाळीत. तुले बोलला नाई काय?"

 सासू मनकर्णाबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या दोघांकडे आळीपाळीने पाहू लागल्या. अण्णाजी जास्त बोलणारे नव्हते. त्यांनी सुनेचा चेहरा पाहिला आणि त्यांना जे कळायचं ते कळलं.

"माह्या सहीनं काम होते काय?" त्यांनी विचारलं. "वावर माह्या नावावर हाय. मी येतो बँकेत."

"अहो, पण आदेशले इचारा तं आधी," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"त्याले काय इचाराचं? पोरगी शिकाले चालली."

वर्षालीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्ता नोका येऊ, मामाजी. मी सांगते तुमाले."

ती एस.टी.ने वर्ध्याला परतली तेव्हा ऊन उतरलं होतं. आदेश घरी भाजी निवडत बसला होता. तिने पिशवी खाली ठेवली, पण ती बसली नाही.

"मी गावाले गेलती."

आदेशचे हात थांबले.

"मामाजी सही कराले तयार हाये. वावर गहाण ठेवतो म्हणे."

"मंग घे नं त्यायची सही!" तो एकदम ओरडला. "माह्याजवळ काऊन आली? सगळ्यायले तूच पायजे! बाईले तू, ऑफिसले तू, आता माह्या बापालेही तूच!"

 वर्षाली म्हणाली, "तू जळून राह्यला, आदेश."

तो नाही म्हणणार होता. तोंडही उघडलं होतं. पण म्हणाला, "हो."

"मले वाटे तुले दुःख होऊन राह्यलं. मी सांभाळून वागत होती. तुह्यासमोर त्या गोष्टी काढत नोती."

"तेच सहन होत नोतं. तुह्यं सांभाळणं." तो भाजीकडे बघत बोलत होता. "मले वाटलं, तारीख निघून जाईन. मंग तूही इथं, मीही इथं. बराबर."

"अन् तुह्यं झालं असतं, माह्यं नसतं झालं, तं मी काय केलं असतं? सांग."

"सही केली असती."

"मालूम हाय नं तुले?"

"मालूम हाय. म्हणूनच तं अजून राग येते."

ती आत गेली. पुढच्या दोन दिवसांत ती त्याच्याशी कामापुरतंही बोलली नाही. जेवण त्याने केलं, ती निमूटपणे जेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी आदेशने ऑफिसातून खरेदीखत आणलं आणि टेबलावर ठेवलं. "चाल," म्हणाला.

बँकेत रीता मॅडमने खरेदीखत लगेच वकिलांकडे धाडलं आणि तोवर सह्या करून टाका म्हणत कागदांचा गठ्ठा पुढे केला. सहकर्जदाराच्या जागा खूप होत्या. आदेश एकेका पानावर सही करत गेला. पहिल्या काही सह्यांना त्याचा हात जड होता, नंतर सवयीने चालू लागला. वर्षाली दुसरीकडे बघत होती. तिने आभार मानले नाहीत, आणि तिने ते मानू नयेत असंच त्यालाही वाटत होतं.

बाहेर रसवंतीवर बसल्यावर तो म्हणाला, "अजून एक सांगाचं हाय. त्या मारिकाबाईनं खोली तुलेच देली होती. मीच उत्तर धाडलं नाई."

वर्षालीने उसाच्या रसाचा ग्लास खाली ठेवला.  ती उठली, स्कूटीला किल्ली लावली आणि एकटी निघून गेली. आदेश भर उन्हात पायी घरी गेला.

खोली पुन्हा तिनेच शोधली, या वेळी त्याला एक शब्द न विचारता. नागपूरची पौर्णिमा नावाची मुलगी त्याच अभ्यासक्रमाला निघाली होती. दोघींनी मिळून शेजारच्या रॉटरडॅममध्ये एक लहानशी जागा घेतली. रोज ट्रेनने जावं लागणार होतं, आणि तिथून कालवा दिसत नव्हता. पैसे मुदतीत पोचले. व्हिसा आला.

ऑगस्टात ती गेली. निघताना तिने अण्णाजींच्या आणि मनकर्णाबाईंच्या पाया पडून झाल्यावर आदेशच्या हातात गॅसचं पुस्तक आणि घराच्या किल्ल्या दिल्या. "दूधवाल्याले सांगजो, अर्धा लिटरच देजो म्हणून." तिने त्याला मिठी मारली नाही. पण विमानतळावर आत जाताना काचेपलीकडून तिने दोनदा मागे वळून पाहिलं.

पहिला महिना फोन जेमतेम व्हायचे. ती विचारायची, जेवला का. तो म्हणायचा, जेवलो. तिकडचं ती काही सांगत नसे आणि तो विचारत नसे. पुढे एका रविवारी त्यानेच विचारलं, "वर्गात काय शिकवून राह्यले?"

 ती सांगू लागली. वाळूतून पाणी कसं झिरपतं त्याचा प्रयोग, प्राध्यापकांनी तिला वर्ध्याच्या काळ्या मातीबद्दल सगळ्यांसमोर बोलायला लावलं ते, सगळं. तिचा आवाज हळूहळू मोकळा होत गेला. आदेश खुर्चीत ताठ बसून ऐकत होता. काळ्या मातीबद्दल तो तिच्यापेक्षा चांगलं बोलला असता, असं त्याच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

"वर्षाली," तो मध्येच म्हणाला, "मी अजूनही जळतो हे ऐकून."

पलीकडे कुणीतरी भांडी लावत असल्याचा आवाज येत होता.

"मालूम हाय," ती म्हणाली. "बंद करू?"

"नोको. सांग. वाळूचं पुढं काय झालं?"