लटकं वैर

पहिलं प्रकरण

कादंबरी मैत्रिणीने, आरतीने दिली होती, लई रडशील असं बजावून. शिनोलीहून घोडेगावला कॉलेजात जाताना स्वप्नाने एसटीत ती उघडली आणि रडू येण्याची वाट बघत बसली.

कादंबरीत जिया आणि वेद एकमेकांना पाण्यात पाहतात. मग काही कारणाने (ते लेखिकेलाही फारसं पटलेलं दिसत नव्हतं) दोघं प्रेमात असल्याचं नाटक करायचं ठरवतात. सगळ्यांसमोर हातात हात घालून फिरायचं. जियाची आई म्हणते, छान, घेऊन ये त्याला जेवायला.

मध्ये एखादं पान राहिलं की काय, म्हणून स्वप्नाने मागे जाऊन पाहिलं. राहिलं नव्हतं. खरंच जेवायला बोलावलं होतं.

कादंबरीत नसलेलं प्रकरण

स्वप्ना आणि आदेशचं उलटं होतं. प्रेम खरं, वैर लटकं. तो कळंबच्या बागायतदाराचा, ती शिनोलीच्या बौद्ध वस्तीतली. दोघांचं नाव एकत्र निघालं तर काय होईल, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. युक्ती आदेशची. वक्तृत्व स्पर्धेत पहिल्या नंबरासाठी दोघांची झुंज लागायचीच. तीच वर्गात, कँटीनमध्ये ओढत न्यायची. भांडणाऱ्यांवर कोण संशय घेतो?

भेटायचं लेण्याद्रीला. त्याला गणपती होता, तिला लेणी होती, आणि पायऱ्या एकच. तो थोडा पुढे चढायचा, ती अनोळख्यासारखी मागून. वर पोचल्यावर माकडांपासून पिशव्या सांभाळत चार शब्द बोलायचे आणि उतरायचं. अशी दोन वर्षं गेली.

सुरुवातीला टोमणे दोघं मिळून रचायचे, हसून हसून. पुढे तो एकटाच रचू लागला. परवा स्पर्धेचा निकाल लागला, स्वप्ना पहिली आली, आणि मित्रांच्या घोळक्यात आदेश मोठ्याने म्हणाला, "हिला काय राव, नंबर पण कोट्यातनंच मिळतोय."

घोळका खदखदला. संध्याकाळी त्याचा मेसेज आला की आज कसलं जमलं, कुणाला शंका पण नाय.

वाक्य नाटकातलं होतं, तर इतकं तयार कुठून आलं, एवढंच तिला विचारायचं होतं. पण विचारायचाही कंटाळा आला. फोन पालथा ठेवून ती भाकरी करायला उठली.

मधली प्रकरणं

गाळली. दोघं सहलीला जातात, छत्री एकच असते.

शेवटचं प्रकरण

वेद गॅदरिंगमध्ये माइक हिसकावून घेतो आणि सांगतो, हे नाटक नव्हतं. टाळ्या पडतात. स्वप्नाला रडू आलं नाही. माइकचं तिला काही नव्हतं. एका टेबलापुरतं तरी त्याने आपलं म्हणावं, एवढंच होतं.

दुपारी कँटीनमध्ये तिने दोन चहा घेतले. आदेश मित्रांबरोबर आत आला तेव्हा ती साध्या आवाजात म्हणाली, "आदेश, बस इथं. तुझा पण चहा घेतलाय."

घोळका थबकला. आदेशने भुवया उडवल्या. हे ठरलं नव्हतं. ती बघत राहिली. त्याने खुर्ची ओढली असती, तरी पुरे होतं.

"तुझ्या हातचा कोण पिणार?" तो म्हणाला.

आपण काय बोललो ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलेलं तिला दिसलं. मग मागून एकजण फिसकन हसला, बाकीचे सुटले, आणि सगळ्यांत उशिरा आदेशही.

ते पलीकडच्या टेबलावर बसले. तिचा फोन थरथरला. सॉरी, पटकन तेच तोंडात आलं. पुन्हा थरथरला. नाटक होतं गं.

स्वप्नाने मान वर केली. "मोठ्यानं बोल की, आदेश. मेसेज कशाला करतो?"

सगळे त्याच्याकडे वळले. टेबलाखाली चाललेला त्याचा अंगठा थांबला. तो मित्रांकडे वळून म्हणाला की ही काय बोलती, मला तर काय कळंना.

तिने स्वतःचा चहा संपवला आणि त्याचाही पिऊन टाकला. गार झाला होता. मग ती स्टँडवर गेली. गाडीत बसायला जागा मिळाली, हे त्यातल्या त्यात बरं झालं.